ग्रह कारभारी, मालक महादेव : कुंभकोणमच्या नवग्रह यात्रेला निघण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे ते दुसऱ्या कोणी वाचले तरी कळेल. तुमच्या यजमानांची रास मीन, साडेसातीचा मधला टप्पा. मुलीच्या पत्रिकेत मंगळ. सासूबाईंना घेऊन तुम्ही चौघे तंजावर-कुंभकोणमला निघाला आहात आणि गाडीवाला नऊही ग्रहांची मंदिरे एका दिवसात करून देतो म्हणतो. शेजारच्या काकूंनी बजावले आहे की आधी तिरुनल्लारला शनीकडे जा, त्याच्या नजरेसमोर उभे राहू नका आणि तिथून निघाल्यावर दुसऱ्या कुठल्या देवळात पाऊल टाकू नका. तुम्हाला विचारायचे आहे ते असे : क्रम कोणता ठेवायचा, बायकांनी शनीचे दर्शन घ्यावे का, प्रत्येक ठिकाणी ग्रहशांत करावी लागते का, आणि बरोबर काय न्यायचे.

मी नाशिकला भिक्षुकी करतो. लग्नामुंजीच्या आधीचा ग्रहमख म्हणजे नवग्रहांची पूजा आणि होम, वास्तुशांत, उदकशांत हे माझे रोजचे काम, चोवीस वर्षे झाली. यजमान मंडळींना घेऊन कुंभकोणमच्या बारा फेऱ्या झाल्या आहेत. त्यातली पहिली फेरी पार फसली होती. का फसली तेही सांगतो, कारण तुमचा गाडीवाला तुम्हाला त्याच वाटेने नेतो आहे.

पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा. या नऊ मंदिरांपैकी आठ मंदिरे मुळात ग्रहांची नाहीतच, ती महादेवाची आहेत. चंद्राचे म्हणतात ते तिंगळूर म्हणजे कैलासनाथराचे देऊळ. मंगळाचे वैद्यीश्वरन कोविल म्हणजे वैद्यनाथाचे, बुधाचे तिरुवेंकाडू श्वेतारण्येश्वराचे, गुरूचे आलंगुडी आपत्सहायेश्वराचे, शुक्राचे कंजनूर अग्नीश्वराचे, शनीचे तिरुनल्लार दर्भारण्येश्वराचे. राहूचे तिरुनागेश्वरम आणि केतूचे कीळपेरुम्पळ्ळम ही दोन्ही नागनाथाची. ग्रहाची तिथे एक सन्निधी असते, म्हणजे स्वतंत्र छोटा गाभारा. कंजनूरला तर अग्नीश्वरालाच शुक्राच्या ठिकाणी मानतात. मुख्य गाभाऱ्यात ग्रह बसला आहे असे देऊळ एकच, सूर्यनार कोविल. चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या काळातले, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचे. मधे सूर्य, आणि बाकीच्या आठांची घुमटीसारखी छोटी देवळे भोवतीने. सूर्याच्या समोर गुरू आहे. सूर्याचे तेज सोसावे म्हणून तो समोर बसवला, असे तिथले लोक सांगतात.

याच सूर्यनार कोविलची कथा मी गाडीत बसल्या बसल्या प्रत्येक यजमानाला सांगतो. कालव नावाच्या ऋषींना कुष्ठ होणार हे त्यांना आधीच कळले. त्यांनी नवग्रहांची तपश्चर्या केली, ग्रह प्रसन्न झाले आणि त्यांनी ऋषींना त्या भोगातून सोडवले. ब्रह्मदेव कोपले. कर्माचे फळ ज्याचे त्याला पोचवणे एवढेच ग्रहांचे काम, ते माफ करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? त्या ऋषीचा रोग तुम्हीच भोगा, असा शाप मिळाला. मग नऊही ग्रह पांढऱ्या रुईच्या वनात आले आणि त्यांनी जवळच्या तिरुमंगलक्कुडी इथल्या प्राणनाथेश्वराची, म्हणजे महादेवाची उपासना केली. रुईच्या पानावर दहीभात घेऊन त्यांनी व्रत केले तेव्हा ते बरे झाले. आजही तिरुमंगलक्कुडीला दहीभाताचा नैवेद्य असतो, आणि आधी तिथे जाऊन मग सूर्यनार कोविलला यायचे अशी रीत आहे. दोन्हींत जेमतेम दोन किलोमीटर अंतर. तुमच्या गाडीवाल्याच्या यादीत तिरुमंगलक्कुडी नसणार. घालायला सांगा.

रुई आपल्यालाही परकी नाही. शनिवारी मारुतीला माळ घालतो ती रुईच्या पानांची, आणि ग्रहमखात सूर्याची समिधा असते ती रुईचीच. चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. याज्ञवल्क्य स्मृतीत ग्रहशांतीचे प्रकरण आहे, त्यात हीच यादी आहे. नाशिकच्या माझ्या पाटावरची समिधा आणि कावेरीकाठच्या त्या कथेतले पान एकच निघाले, तेव्हा मला फार बरे वाटले होते.

तेव्हा कथेतून घ्यायचे ते हे : ग्रह कारभारी आहेत, मालक नव्हेत. त्यांच्यावरही शापाची वेळ आली आणि तेही महादेवाकडेच गेले. म्हणून प्रत्येक देवळात आधी गणपती, मग मूळ शिवलिंग, मग अम्मन म्हणजे देवी, आणि शेवटी ग्रह. बस थांबली की थेट शनीच्या किंवा राहूच्या रांगेत धावायचे आणि महादेवाला न भेटता बाहेर पडायचे, असे शेकडो लोक करतात. मला ते पाहून वाईट वाटते. घरच्या धन्याला ओलांडून कारभाऱ्याच्या पाया पडण्यासारखे आहे ते.

आता एका दिवसाचे. तामिळनाडूतली देवळे दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती चारच्या सुमारास उघडतात. आपल्याकडे शिर्डी-शिंगणापूरची सवय असल्याने हे लक्षात येत नाही. नऊ मंदिरे एका दिवसात होतात, नाही असे नाही. कुंभकोणमहून तामिळनाडू परिवहनची नवग्रह दर्शनाची बसही सुटते. पण पहाटे पाचला निघून रात्री परत, आणि प्रत्येक ठिकाणी पळापळ. माझ्या पहिल्या फेरीत बावीस माणसे होती. एका दलालाने ठरवून दिलेल्या वाटेने निघालो आणि तिरुनल्लारला पोचलो तो दुपारचा एक वाजलेला, दार बंद. तीन तास पुष्करणीच्या पायऱ्यांवर उन्हात काढले. दोन म्हाताऱ्यांना चक्कर आली आणि संध्याकाळची दोन देवळे सुटलीच. सासूबाई बरोबर आहेत, तर दोन दिवस ठेवा.

पहिल्या दिवशी कुंभकोणमच्या आसपासची पाच. सकाळी लवकर तिंगळूर, कारण ते पश्चिमेला तंजावरच्या अंगाला, तिरुवैयारूजवळ आहे. तिंगळूर छोटे आणि शांत. तिथे चंद्राइतकीच आठवण काढायची ती अप्पूदी अडिगळांची. या गृहस्थाने तमिळ शिवभक्त संत अप्परांना पाहिलेही नव्हते, पण आपल्या मुलांना, पाणपोईला, सगळ्याला अप्परांचेच नाव दिले होते. पुढे अप्पर खरोखरच दारी आले. त्यांच्या जेवणासाठी केळीचे पान कापायला गेलेला मुलगा साप चावून गेला, तर पाहुण्याचे जेवण मोडू नये म्हणून आईबापांनी ते दुःख लपवले. अप्परांनी महादेवाला आळवले आणि मूल उठले. आपल्या संतकथा ऐकून वाढलेल्या माणसाला ती ओळखीचीच वाटते. तिंगळूरहून परत येताना आलंगुडी, संध्याकाळी कंजनूर, तिरुमंगलक्कुडी आणि सूर्यनार कोविल, ही तिन्ही एकमेकांना लागून आहेत. तिरुनागेश्वरम कुंभकोणमपासून सहा-सात किलोमीटरवर, ते रात्री मुक्कामाला परतताना.

आलंगुडीविषयी एक खुलासा. तिथे गुरू म्हणून ज्याची पूजा होते ती मूर्ती दक्षिणामूर्तीची आहे. दक्षिणेला तोंड करून बसलेला, मौनातून शिकवणारा महादेव तो. नवग्रहातला गुरू म्हणजे बृहस्पती, देवांचा पुरोहित. दोघे वेगळे. तिथल्या जाणत्या गुरुक्कलांनाही, म्हणजे पुजाऱ्यांनाही, हा फरक ठाऊक आहे. पण गुरू या एका शब्दावरून लोकांनी दोघांना जवळ आणले आणि हरभऱ्याची माळ दक्षिणामूर्तीच्या गळ्यात आली. मला त्यात काही गैर दिसत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी काही मागायचे असेल तर ती जागा हीच.

तिरुनागेश्वरमला राहू नागवल्ली आणि नागकन्नी या दोन पत्नींसह आहे. राहुकाळात दुधाचा अभिषेक होतो, मूर्तीवरून ओघळणारे दूध निळसर दिसते अशी ख्याती आहे, आणि ते पाहायला गर्दी लोटते. रविवारी संध्याकाळी तर उभे राहायला जागा नसते. त्याच गावात ओप्पिलिअप्पन विष्णूचे मोठे देऊळ आहे, तिथला नैवेद्य बिनमिठाचा असतो. वेळ असेल तर जाच.

दुसऱ्या दिवशी पूर्वेची चार. वैद्यीश्वरन कोविल पहाटे गाठा, मग तिरुवेंकाडू, मग पूम्पुहारजवळचे कीळपेरुम्पळ्ळम, दुपारी कारैकलला जेवण आणि विसावा, चार वाजता तिरुनल्लार. तिरुनल्लार तामिळनाडूत नाही, पुदुच्चेरीच्या कारैकल जिल्ह्यात आहे. गाडीचा परवाना त्याप्रमाणे आहे का ते आधी विचारा. आणि कृपा करून शनिवार टाळा. शनीला शनिवारीच भेटले पाहिजे असे नाही. तुमच्या सासूबाईंना रांगेत चार तास उभे करून मिळणारे पुण्य कोणत्या पोथीत लिहिले आहे ते मला माहीत नाही.

वैद्यीश्वरन कोविलला तुमच्या मुलीचे काम आहे, म्हणून जरा थांबतो. ग्रहमखात प्रत्येक ग्रहाच्या उजवीकडे अधिदेवता आणि डावीकडे प्रत्यधिदेवता मांडतात. मंगळाची अधिदेवता स्कंद, म्हणजे कार्तिकेय, आणि प्रत्यधिदेवता पृथ्वी. वैद्यीश्वरन कोविलात महादेव आहेत, तैयलनायकी देवी आहे, अंगारक म्हणजे मंगळ आहे, आणि मुत्तुकुमारस्वामी म्हणून कार्तिकेयही आहे, तोही मोठ्या मानाचा. पाटावर मी सुपारीच्या रूपाने जे मांडतो ते तिथे दगडात उभे आहे. अंगारकाच्या अर्चनेला, म्हणजे आपल्या नावाने होणाऱ्या पूजेला, जाल तेव्हा कुमारस्वामीला चुकवू नका. पुष्करणीचे नाव सिद्धामृतम. लोक तिच्यात गूळ सोडतात आणि देवाला मीठ-मिरे वाहतात. विभूती आणि तिथल्या मातीची गोळी औषध म्हणून मिळते. प्रसाद म्हणून भक्तीने घ्या. डॉक्टरांचे औषध चालू असेल तर ते मात्र थांबवायचे नाही.

मुलीला मंगळ आहे म्हणून घाबरू नका आणि तिलाही घाबरवू नका. आपल्याकडे पहिले, चौथे, सातवे, आठवे आणि बारावे अशी पाच स्थाने मंगळाची धरतात. बारांपैकी पाच, म्हणजे शंभरांतल्या चाळीसेक पत्रिका सरळ हिशेबानेच मंगळाच्या निघतात. त्यातही परिहार, म्हणजे दोष न लागण्याचे अपवाद, इतके सांगितले आहेत की उरतात त्या थोड्या. वैद्यीश्वरन कोविलच्या बाहेर नाडी ज्योतिषाच्या पाट्याच पाट्या आहेत. अंगठ्याचा ठसा घेऊन ताडपत्र काढतात. त्यांचा देवस्थानाशी संबंध नाही. माझ्या एका यजमानाला तिथे मुलीच्या लग्नासाठी म्हणून मोठ्या रकमेची शांत सांगितली गेली, त्यांनी पैसे भरले आणि पुढे पावतीसुद्धा मिळाली नाही. त्या मुलीचे लग्न पुढच्या वैशाखात आपोआप ठरले. तुम्ही त्या पाट्यांसमोरून सरळ पुढे जा.

आता तिरुनल्लार. दर्भारण्येश्वर म्हणजे दर्भाच्या वनातला ईश्वर. नळराजाला शनीने पिडले, राज्य गेले, दमयंतीपासून ताटातूट झाली, आणि अखेर तो इथे आला. पुष्करणीत स्नान करून देवळात शिरला तेव्हा शनीला त्याच्या मागोमाग आत जाता येईना. महादेवाच्या दारात तो थबकला, तो तिथेच राहिला. म्हणून शनीची सन्निधी आत खोल नाही, प्रवेशाच्या अंगालाच आहे. एक गोष्ट अभ्यास म्हणून सांगतो : महाभारताच्या वनपर्वात नळाच्या अंगात शिरतो तो कली, शनी नव्हे. तिरुनल्लारच्या स्थळपुराणात ती जागा शनीला मिळाली. आपल्याकडे घरोघरी वाचतात त्या शनिमाहात्म्यात तर नळाच्या जागी उज्जैनचा विक्रम राजा आहे. तिन्ही कथांत राजाचे सगळे जाते, तो दुसऱ्याच्या दारी चाकरी करतो, आणि शेवटी सगळे परत मिळते. काकूंना सांगा, या तिन्हींत राजा संपत नाही. तिरुनल्लारचा शनी तर अभय देणारा म्हणूनच पुजतात. त्याच्यासमोर उभे राहून नीट डोळे भरून पाहा. दर्शनानंतर दुसऱ्या देवळात जाऊ नये असा काही दंडक नाही. तिथलेच लोक शनीनंतर गावातल्या इतर देवांना जातात.

नळतीर्थात तिळाचे तेल लावून स्नान करतात. अंगावरचे कपडे तिथेच सोडायची पद्धत पडली होती आणि तीर्थात कपड्यांचे ढीग तरंगत असत. आता देवस्थानाकडून सारखे सांगितले जाते की पाण्यात कपडे टाकू नका. तुम्ही टाकू नका. जुने पण धुतलेले कपडे एखाद्या गरजूला हातात द्या, दान तेच.

तिथे आपल्या माणसाला सगळ्यात जड जाते ती वेगळीच गोष्ट. शिंगणापूरला शनी उघड्या चौथऱ्यावर आहे, वर छप्पर नाही, साडेपाच फुटांची काळी शिळा आणि सतत तेल. तेल वाहणे हीच आपली शनीची पूजा. तिरुनल्लारला गाभाऱ्यात गुरुक्कलांशिवाय कोणी जात नाही, ना पुरुष ना बाई. एकदा सोलापूरच्या एक आजी आमच्याबरोबर होत्या. घाण्यावरून काढून आणलेले तेल, बाटलीला फडके गुंडाळलेले, आठशे-हजार किलोमीटर मांडीवर सांभाळत आणलेले. रांगेत पुढे आल्या, तेव्हा कळले की मूर्तीपर्यंत जाता येत नाही. त्या बाटली छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या, मागची रांग ओरडायला लागली तरी हलल्या नाहीत. गुरुक्कलांना मराठी येत नव्हते, आजींना तमिळ येत नव्हते. त्यांनी हात पुढे केला, बाटली घेतली, फडके सोडवले, आणि सन्निधीतल्या समईत त्यांच्यासमोर ते तेल ओतले. मग रिकामी बाटली त्याच फडक्यात पुन्हा गुंडाळून परत दिली. आजींनी ती बाटली घरी देवघरात ठेवली आहे असे नंतर कळले.

बायकांच्या दर्शनाचा प्रश्न इथेच सुटतो. या नऊ मंदिरांत कुठेही बायकांना शनीच्या, राहूच्या दर्शनाला मनाई नाही. सन्निधीसमोर सगळे सारखे. आपल्याकडे शिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाण्याचा वाद होता, तोही २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मिटला. तुम्ही, मुलगी आणि सासूबाई, तिघींनी निःशंक दर्शन घ्या.

साडेसातीबद्दल एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. शनीला बारा राशींतून फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत सुमारे अडीच वर्षे आणि तीन राशींची साडेसात. तो रास बदलतो त्या दिवशी तिरुनल्लारला मोठा उत्सव होतो, त्याला शनिपेयर्ची म्हणतात. पण ते देवस्थान जुन्या सूत्रांवर चालणाऱ्या वाक्य पंचांगाने चालते आणि आपली दाते पंचांगासारखी पंचांगे दृक् गणिताने, म्हणजे आकाशातल्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळवलेल्या गणिताने. आपल्या पंचांगाप्रमाणे शनी १७ जानेवारी २०२३ ला कुंभेत आला. तिरुनल्लारची पेयर्ची झाली २० डिसेंबर २०२३ ला. मीनेतला प्रवेश आपल्याकडे २९ मार्च २०२५ चा, आणि देवस्थानाने जाहीर केले की त्या वर्षी पेयर्ची नाही, ती २०२६ मध्ये. दोन्ही वेळा आपल्याकडची माणसे उत्सव म्हणून तिथे पोचली आणि चकित झाली. तुमच्या यजमानांचा मधला टप्पा कधी सुरू झाला यावर दोन पंचांगांत वर्षभराचा फरक पडतो. तेव्हा अमुक तारखेला अमुक होणार अशा हिशेबात जीव गुंतवू नका.

शांत प्रत्येक ठिकाणी करायची नाही. देवळात अर्चना करा, तिची पावती देवस्थानाच्या खिडकीवर मिळते, दर फलकावर लिहिलेले असतात. रस्त्यात गाडी अडवून नऊ मंदिरांची एकत्र पूजा करून देतो म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. ग्रहशांत करावीशी वाटली तर घरी, आपल्या गुरुजींकडून, एकदाच करा. पांढऱ्या वस्त्रावर तांदळाचे नऊ पुंजके, मधे सूर्य, पूर्वेला शुक्र, आग्नेयेला चंद्र, दक्षिणेला मंगळ, नैऋत्येला राहू, पश्चिमेला शनी, वायव्येला केतू, उत्तरेला गुरू, ईशान्येला बुध. शनीच्या वेळी यजुर्वेदी मंडळी ‘शं नो देवीः’ म्हणतात. तो मंत्र खरे तर पाण्याला उद्देशून आहे : हे जल आम्हाला सुखाचे, पिण्यासाठी होवो. ज्याच्या नावाने माणसे कापतात त्याच्यासमोर शतकानुशतके आपण पाणी गोड असू दे एवढेच मागत आलो आहोत. आहुतीच्या वेळी मी यजमानांना हा अर्थ मुद्दाम सांगतो. हात थरथरत असतील तर ते थांबतात.

सामानात फार काही नको. पुरुषांना धोतर किंवा पंचा, बायकांना साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस. सासूबाईंसाठी जाड मोजे, दगडी प्राकार उन्हात भाजतात. सुटे पैसे. नवग्रह स्तोत्र पाठ असेल तर प्रत्येक सन्निधीसमोर त्या ग्रहाचा श्लोक म्हणा. परतताना तंजावरच्या बृहदीश्वराला गेलात तर भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याचा १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख आहे. मुलीला तो वाचायला लावा. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर मराठी राजे होते. या देवळांच्या वाटेवरून आपली माणसे फार आधीपासून जात आली आहेत.

आणि एक चिठ्ठी करून ठेवा. अर्चनेच्या वेळी गुरुक्कल नाव, रास आणि नक्षत्र विचारतात, आणि आपली माणसे नक्षत्रालाच अडतात. चौघांचीही नक्षत्रे पत्रिकेवरून आधी उतरवून घ्या, शेजारी तिकडची नावेही लिहा. रेवतीला ते रेवतीच म्हणतात. पण यजमानांचे नक्षत्र उत्तराभाद्रपदा असेल तर तिथे ते उत्तिरट्टादि, पूर्वाभाद्रपदा असेल तर पूरट्टादि. श्रवण असेल तर तिरुवोणम, आर्द्रा असेल तर तिरुवादिरै. चिठ्ठी सासूबाईंच्या हातात द्या. गर्दीत मागे राहिल्या तरी त्यांची अर्चना चुकणार नाही.